मुलाखतींतील शब्द आणि आपले प्रबंध

आयुर्वेद अध्यापनाविषयीच्या पदव्युत्तर प्रबंधांत विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या जातात, ही आम्हांस समाधानाची बाब वाटते. तक्त्यांत जे सापडत नाही ते बोलण्यात सापडते. परंतु त्या बोलण्याची पुढे जी वासलात लागते, तिच्याविषयी वैद्यबंधूंपुढे चार शब्द मांडणे भाग आहे.

नुकताच असा एक प्रबंध आमच्या वाचनात आला. आंतरवासीय विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून 'लाभ', 'अडचणी' व 'सूचना' अशी तीन आशयसूत्रे 'उदयास आली', असे त्यात म्हटले होते. परिशिष्टातील प्रश्नावली पाहिली, तो तिचे तीन भागही हेच! जे पेरले तेच उगवले. एका विद्यार्थ्याने सांगितले होते की, गुडूचीचे गुणकर्म मुखोद्गत असूनही दुकानात पुढ्यात ठेवलेले सुके कांड त्यास ओळखता आले नाही. संहितेतील द्रव्य आणि औषधालयातील पुडी यांचा संबंध कोणी जोडून दाखविला नाही, असे एका विद्यार्थिनीचे म्हणणे होते. ही दोन्ही विधाने 'अडचणी' या मथळ्याखाली, ग्रंथालयाच्या वेळांविषयीच्या तक्रारीशेजारी निमूट पडून होती. नाव ठाऊक, रूप अनोळखी, हे सूत्र त्यांतून गुंफता आले असते. ज्यांच्या दुकानी ही मुले उद्या मागणी नोंदविणार, त्या औषधविक्रेत्यांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

व्हर्जिनिया ब्राउन व व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली या विश्लेषणाचे सहा टप्पे मांडले. पुनःपुन्हा वाचन, संकेतन, सूत्रांची जुळणी, पडताळणी, नामकरण व लेखन हे टप्पे आपले प्रबंधकार क्रमाने लिहितात. मात्र सूत्रे सामग्रीत तयार दडलेली नसतात, संशोधकच ती घडवितो, हे त्याच लेखिकांचे आग्रही प्रतिपादन नेमके गळते. अरुची, गौरव, आलस्य एवढे टिपले म्हणजे निदान झाले, असे कोणता वैद्य म्हणेल? त्यांमागील आम ओळखावा लागतो. (दृष्टांत फार ताणू नये, एकाच सामग्रीतून दोन अभ्यासक निराळी सूत्रे घडवू शकतात आणि तो दोष नव्हे. वाट मात्र दाखविली पाहिजे.)

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने २०२२ मध्ये पदवी शिक्षणाची नवी मानके अधिसूचित केली. त्यांचे फलित विद्यार्थ्यांच्या तोंडून समजून घ्यावयाचे असेल, तर असले प्रबंध कुचकामी आहेत. आमचे जे सभासद परीक्षक म्हणून जातात, त्यांनी मौखिक परीक्षेत संकेतनाची वही अवश्य मागावी. आणि कोणते सूत्र आधी धरले होते व कशामुळे सोडले, एवढे तरी विचारावे.