गृहव्यवस्था : खिडकीच्या कांचेवरील पांढरे डाग

दसरा झाला कीं घरोघर दिवाळीच्या साफसफाईस आरंभ होतो. माळ्यावरचीं भांडीं खालीं उतरतात, गाद्यांना ऊन दाखविलें जातें, भिंतींवरचीं जळमटें निघतात. आणि या सर्व खटाटोपास पुरून उरणारी एक गोष्ट मागें राहते, ती म्हणजे खिडकीच्या कांचेवरील पांढुरके डाग. कांच ओली असते तोंपर्यंत ती आरशासारखी लखलखीत दिसते. वाळली कीं तेच थेंबांचे ठिपके आणि त्याच ओघळांच्या रेघा पुन्हां जशाच्या तशा वर येतात. घरांतील वडील मंडळी म्हणतात, कांचा मन लावून पुसल्या जात नाहींत. पुसणारी सून किंवा कामाची बाई मनांतून खट्टू होते आणि दुसऱ्या दिवशीं अधिक जोरानें घासूं लागते. आमचें म्हणणें असें कीं, येथें दोष पुसणारीच्या हाताचा नसून पाण्याचा असतो. आणि ज्या उपायानें धूळ जाते त्या उपायानें हा डाग कधींच जावयाचा नाहीं.

डाग कशाचा?— पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना हवेंतील आणि मातींतील कर्बाम्ल वायु आपल्या पोटांत घेतें व किंचित् आंबट बनतें. या आंबटपणाच्या जोरावर तें दख्खनच्या काळ्या पाषाणांतून आणि मातींतील चुनखडींतून चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतें. म्हणूनच विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें. शालेय पुस्तकांत याच पाण्याला 'दुष्फेन' असें यथार्थ नांव आहे, कारण त्यांत साबणाला फेंस येत नाहीं. तूरडाळ तासभर शिजवूनही दाणा कायम राहणें, पाणी तापविण्याच्या बंबाच्या आंतून पांढरा थर धरणें, आणि कांचेवर डाग पडणें, हीं तिन्ही एकाच पाण्याचीं लक्षणें होत. असें पाणी कांचेवर वाळलें म्हणजे पाणी व वायु उडून जातात आणि विरघळलेला चुना मागें उरतो. खडूची जी जात तीच याची. तेव्हां आपण ज्याला डाग म्हणतों तो मळ नसून कांचेवर बसलेला एक पातळसा दगड आहे.

हा दगड थोडाथोडका नसतो. पाण्याचा जडपणा लिटरामागें मिलिग्रॅमांत मोजतात. भारतीय मानक १०५०० याच्या २०१२ च्या आवृत्तींत पिण्याच्या पाण्यासाठीं तो २०० पर्यंत इष्ट मानला असून, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेण्यास मुभा आहे. आपल्या पाण्याचा जडपणा ३०० धरला, तर १५ लिटरांच्या एका बादलींत सुमारें साडेचार ग्रॅम चुनखडी विरघळलेली असते. अशा पाण्यांत बुडविलेल्या फडक्यानें कांच रोज पुसावयाची आणि तशीच वाळूं द्यावयाची, म्हणजे रोज एक सूक्ष्म थर चढविण्यासारखेंच आहे. जी बाई अधिक नियमित, तिच्याच कांचेवर थर अधिक, असा हा उलटा न्याय आहे!

डाग येतो कोठून?— पावसावर आळ घेणें बरोबर नाहीं. पावसाचें पाणी मऊ असतें. मात्र तेंच नव्या सिमेंटच्या गिलाव्यावरून ओघळून आलें तर चुना घेऊन येतें. बहुतेक घरीं खरें कारण म्हणजे खिडकीच्या गजांत ठेवलेल्या कुंड्यांना घातलेलें पाणी, गच्चीवरील भरून वाहणारी टांकी, अगर न्हाणीघराच्या झडपेवर उडणारे शिंतोडे. भिंतीस रंग देतांना उडालेले चुन्याचे थेंब याच जातीचे, किंबहुना अधिक दाहक. ते ओले असतांनाच पुसले पाहिजेत.

उपायाचें तत्त्व.— आपल्या स्वयंपाकघरांत दोन प्रकारचे शुद्धिकारक पदार्थ पूर्वापार आहेत : राख, सोडा, साबण हे एका बाजूस, लिंबू, चिंच, आमसूल हे दुसऱ्या बाजूस. पहिला वर्ग तेलकटपणा व काजळी काढतो. म्हणूनच कंदिलाची कांच राखेनें स्वच्छ होत असे. चुन्यावर मात्र त्याची मात्रा चालत नाहीं. तेथें आंबटच पाहिजे. जमिनींत शिरतांना पाण्यानें आंबटपणाच्या बळावर जो दगड विरघळविला, तोच दगड पुन्हां आंबटानेंच विरघळवावयाचा, इतकी ही सोपी गोष्ट आहे.

कृति.— प्रथम कांच कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडून घ्यावी आणि साबणाच्या सौम्य पाण्यानें धुवावी. धुळींत बारीक वाळू असते. ती तशीच ठेवून घासलें तर कांचेवर ओरखडे उठतात. साबण मात्र पुरता निघून गेला पाहिजे, कारण आंबटाशीं गांठ पडली कीं साबण फुटतो आणि त्यांतील तेलकट भाग कांचेस चिकटतो.

नंतर पांढरा शिरका, म्हणजे बाजारांत मिळणारें साधें व्हिनेगर, घेऊन त्यांत तितकेंच कोमट पाणी घालावें. शिरक्याचा वास ज्यांना सोसत नाहीं त्यांनीं वाटीभर कोमट पाण्यांत चहाचा एक चमचा लिंबूसत्व विरघळवावें, गुण तोच. डाग थोडे असल्यास सरबतासाठीं पिळून उरलेल्या लिंबाच्या फोडीही पुरतात. खिडकीची कांच उभी असल्यामुळें वरून ओतलेलें पाणी ओघळून जातें आणि डागावर ठरत नाहीं. यासाठीं जुन्या धोतराचा मऊ तुकडा या पाण्यांत भिजवून, हलकेंच पिळून, कांचेवर पोटीस बांधावें तसा चिकटवावा. १० ते १५ मिनिटें तो ओला राहील अशी काळजी घ्यावी. हें काम सावलींत करावें. ऊन पडलेल्या कांचेवर तें गुण येण्याआधींच वाळून जातें. डाग जाड असेल तर बारीक बुडबुडे उठलेले दिसतात. दगडांत बांधला गेलेला वायु सुटत असल्याची ती खूण होय.

मग फडकें काढून नारळाच्या शेंडीच्या मऊ चोथ्यानें वर्तुळाकार घासावें, स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि लगेच कोरडें करावें. जुने डाग एका खेपेस जात नाहींत. दोन-तीन खेपा कराव्या लागतात. कांहीं उरलें तर खाण्याच्या सोड्याची ओलसर लापशी बोटाला घेऊन हलक्या हातानें चोळावी. सोडा आणि शिरका एकत्र कालवून लावण्याची रीत अलीकडे फार ऐकूं येते. दोन्ही एकत्र आले कीं मोठा फेंस होतो व पाहणारास समाधान वाटतें. परंतु त्या फेंसांत दोघांचेंही बळ एकमेकांस मारण्यांत खर्च होतें. ज्यास ज्याची वेळ, त्यास त्या वेळीं वापरावें. चिंच तांब्यापितळेसाठीं राखून ठेवावी. कांचेवर तिचा कोळ व तपकिरी रंग नवें काम वाढवितो.

शेवटचें पाणी मऊ असावें, हें या कामांतलें खरें मर्म आहे. पावसाळ्यांत पहिल्या सरी वाहून गेल्यावर पातेल्यांत धरलेलें पाणी, किंवा वातानुकूलन यंत्राच्या नळींतून ठिबकणारें पाणी यासाठीं उत्तम. दोन्ही नसल्यास पाणी खळखळून उकळावें, निवूं द्यावें आणि तळचा सांका न हलवितां वरचें ओतून घ्यावें. उकळण्यानें जडपणाचा कांहीं अंश तळाशीं बसतो, सर्व नव्हे. मात्र पाणी कोणतेंही असो, तें कांचेवर वाळूं न देणें हा सर्वांत मोठा उपाय. रबरी पट्टीच्या वायपरानें वरून खालीं ओढून कडा कोरड्या धोतरानें टिपल्या, तर विहिरीच्या पाण्यानेंही डाग धरत नाहीं.

काय टाळावें?— राख, रांगोळी, विटेची पूड व तारेची घासणी कांचेस लावूं नये. दगड निघेल, पण ओरखडे कायमचे राहतील. पातळ रंगीत पापुद्रा लावलेल्या कांचांवर कोणताही प्रयोग आधीं कोपऱ्यांत करून पाहावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. खिडकीची खालची पट्टी बहुधा कडाप्पा, शहाबादी फरशी किंवा संगमरवर यांची असते, आणि हे तिन्ही दगड चुन्याच्याच वंशाचे. कांचेवरून ओघळलेला शिरका त्यांच्यावर साचला तर त्यांची झिलई जाऊन पांढरे चट्टे पडतात, आणि एक डाग काढतांना दुसरा, तोही न निघणारा, पडतो. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं पट्टीवर जाड पंचाची घडी अंथरावी आणि ओघळ तेथल्या तेथें टिपून घ्यावा.

उशिराचा परिणाम.— कांच वाळू, सोडा आणि चुना यांच्या रसाची बनलेली असते. तिच्यावर ओल दीर्घकाळ टिकून राहिली तर त्या ओलींत कांचेंतील सोड्याचा अंश उतरतो, ओल क्षारयुक्त बनते आणि हळूहळू कांचच खाऊं लागते. मग पृष्ठभाग गढूळ होतो तो कायमचा. तीन खेपा आंबट लावूनही फरक पडला नाहीं, आणि नख फिरवितां वर थर लागत नाहीं, तर कांच खाल्ली गेली असें समजावें. कित्येकदां पाषाणांतून आलेली, शिरक्यास न जुमानणारी सिलिकाही त्या जागीं बसलेली असते. अशा कांचेस सेरियम ऑक्साइडची पूड लावून जाणता कारागीर झिलई देऊं शकतो. घरीं याहून अधिक झटण्यांत अर्थ नाहीं. सारांश, वर्षांतून एकदां दिवाळीस चार तास झगडण्यापेक्षां महिन्यांतून एकदां पाव तास देणें शहाणपणाचें.

दोन धोके.— डाग निघत नाहीं असें पाहून कित्येक घरीं फरशीसाठीं मिळणारें तीव्र ॲसिड आणलें जातें. त्याची वाफ छातीस झोंबते, खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी काळवंडतात, लोखंडी गज गंजतात. तेंच ॲसिड ब्लीचिंग पावडरीशीं अगर कपडे पांढरे करण्याच्या द्रवाशीं मिसळलें तर क्लोरीन हा विषारी वायु सुटतो, आणि बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेतूं शकतो. शिरकाही या पदार्थांशीं कधीं मिसळूं नये. लहान मुलें असलेल्या घरांत तर ॲसिडची बाटली न आणणेंच उत्तम.

दुसरा धोका याहून मोठा. आज पुष्कळ बिऱ्हाडें चौथ्या-पांचव्या मजल्यावर, कित्येक त्याहूनही उंच असतात. बाहेरच्या अंगाची कांच पुसण्यासाठीं कामाच्या बाईस सज्जावर उभें करणें, किंवा घरच्या सुनेनें खिडकींत बसून बाहेर ओणवें होणें, हें आम्हांस केव्हांही मान्य होणार नाहीं. सरकत्या झडपा निघत असतील तर घरांतील पुरुषांनीं त्या आंत काढून घ्याव्यात; नाहींतर लांब दांडीचा वायपर वापरावा; तोही पोंचत नसेल, तर बाहेरचा डाग आहे तेथें राहूं द्यावा. घराची शोभा कांचेनें वाढते, हें खरें. पण ती पुसणारीं माणसें सुखरूप असलीं तरच त्या शोभेस अर्थ आहे. आणि पुढच्या खेपेस वाळलेल्या कांचेवर पांढरी रेघ दिसली, तर वडील मंडळींनीं कामाचा हिशेब विचारण्यापूर्वीं बादलींतील पाण्याचा विचारावा, एवढीच आमची विनंति आहे.