सोळाशे मीटर आणि एक कुलूप

आपल्या कॉलेजचं ग्राउंड वर्षातून किती दिवस वापरलं जातं? मी मोजलंय. मागच्या वर्षी अकरा दिवस. सहा दिवस स्पोर्ट्स वीक, दोन दिवस क्रिकेट आणि तीन दिवस झेंडावंदन. बाकी सगळं वर्ष तिथे गवत वाढतं आणि गेटला कुलूप असतं. ते सकाळी साडेसातला निघतं, तेव्हा आपण मेसच्या लाईनमध्ये उभे असतो आणि नऊला लेक्चर असतं. संध्याकाळी सहाला परत कुलूप!

आता याच ग्राउंडच्या कंपाऊंडबाहेर जा. पहाटे पाचला. (हो, मला माहीत आहे की तुमच्यापैकी निम्मे जण त्याच वेळेला झोपायला जातात.) तिथे डांबरी रोडच्या कडेने पंधरा-वीस पोरं पळत असतात. पायात कॅनव्हासचे बूट, कुणाच्या हातात मोबाईलचा टॉर्च, एकजण बाईकवर टायमिंग घेतोय. आजूबाजूच्या गावांतली पोरं आहेत ही. दिवसा कुणी सोयाबीनच्या रानात, कुणी पंपावर, कुणी हार्डवेअरच्या दुकानात. त्यांची सगळ्यांची एकच भाषा : "ग्राउंड निघालं पाहिजे."

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडे 'भरती' हा शब्द फक्त हॉस्पिटलसाठी वापरायचे. आर्मी म्हणजे आमच्या शाळेत एनडीए, ऑफिसर, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म. इथे हॉस्टेलला आल्यावर कळलं की या जिल्ह्यात 'भरती' म्हटलं की पुढे कसली ते विचारावं लागत नाही. आर्मी नाहीतर पोलीस. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, तिथे आजोबा-पणजोबांपासून फौजेची परंपरा आहे. आपल्याकडे कारण सरळ आहे. पाऊस कमी, जमीन वाटण्या होऊन उरलेली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपलं नाव. पगाराची नोकरी म्हणजे काय, हे ज्या घरात अजून कुणी पाहिलेलं नाही त्या घरातलं पोरगं दहावी झालं की पळायला लागतं.

तर हे पोरगं नेमकं कशासाठी पळतं? आपण इंजिनिअर आहोत, हिशोबच मांडू या.

अग्निवीर जनरल ड्युटीच्या मैदानी चाचणीला १०० मार्क. त्यातले ६० धावण्याला आणि ४० बीमला, म्हणजे पुल-अप्सना. शिवाय ९ फुटी खड्डा ओलांडायचा आणि झिगझॅग बॅलन्सवरून चालायचं, त्याला मार्क नाहीत पण जमलंच पाहिजे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आलात तर ६० मार्क. एक सेकंद उशीर झाला, ५ मिनिटं ३१ सेकंद, की ४८. एका सेकंदाला बारा मार्क! आपल्याकडे बारा मार्कांसाठी लोक रिव्हॅल्युएशनचे फॉर्म भरतात. बीमला दहा मारले तर ४०, नऊ मारले तर ३३, आठला २७.

साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद. १०० मीटरला साधारण २०.६ सेकंद. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदात, आणि अशा चार फेऱ्या, एकसारख्या. इथेच सगळी मेख आहे. रॅलीत पोरांना मोठ्या घोळक्याने सोडतात. पुढे जागा मिळावी म्हणून प्रत्येकजण सुटतो तो बाणासारखा. पहिली फेरी सत्तर सेकंदात मारली की तिसऱ्या फेरीत पाय उचलत नाहीत. दम कमी नसतो, वेग कसा वाटून घ्यायचा तेच माहीत नसतं. आणि ते माहीत होण्यासाठी मोजलेला गोल ट्रॅक लागतो. ४०० मीटर ऐंशी सेकंदात, मग दोन-तीन मिनिटं चालायचं, परत ४०० मीटर, असं पाच-सहा वेळा, आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस सावकाश लांब पळायचं आणि एक दिवस पूर्ण आराम. कुठल्याही कोचला विचारा, थोड्याफार फरकाने हेच सांगेल.

रोडवर हे कसं करणार? तिथे अंतर बाईकच्या मीटरवर मोजलेलं असतं. गावाच्या पाटीपासून मोरीपर्यंत 'सोळाशे'. त्या मीटरमध्ये पाच टक्के जरी फरक असला तरी ८० मीटर होतात, म्हणजे साडेसोळा सेकंद. म्हणजे पोरगं वर्षभर "माझं टायमिंग पाच-पंचवीस आहे" या समजुतीत पळतं आणि रॅलीत साडेपाचला पोचत नाही. मेजरमेंट एरर आपण फर्स्ट इयरला शिकलो, जर्नल पूर्ण करून सबमिट केलं. त्या एररमध्ये कुणाचं तरी वर्ष जातं हे जर्नलमध्ये नव्हतं.

"मग शेतात पळा की," असं माझी रूममेट म्हणाली. ती पुण्याची. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा मुरगळलाच म्हणून समजा. म्हणून सगळे डांबरावर. आणि रोज डांबरावर, पातळ तळव्याच्या बुटात पळून नडगी धरते. ज्यांना मी विचारलं त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलं : नडगी दुखते, आयोडेक्स लावतो, पळतो. बीम म्हणजे लिंबाची फांदी. ९ फुटी खड्डा म्हणजे रस्त्याकडेची चारी. आपल्या जिमखान्यामागे दोन पक्के बीम गंजत उभे आहेत आणि लाँग जंपच्या पिटमध्ये गाजरगवत आहे.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. मी एसएससी टेक्निकलची तयारी करते आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना अर्ज करता येतो. आधी मार्कांवर शॉर्टलिस्ट, मग पाच दिवसांचं एसएसबी, मग मेडिकल. त्या पाच दिवसांत ऑब्स्टॅकल्स असतात, ग्रुप टास्क असतात, पण घड्याळ लावून सोळाशे मीटर कुणी पळवत नाही. ट्रेनिंगला येताना अंगात काय असावं ते जाहिरातीत दिलेलं असतं : मुलांना २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुश-अप्स, ६ पुल-अप्स. मुलींना तेच अंतर १३ मिनिटांत, १५ पुश-अप्स, २ पुल-अप्स. शिवाय थोडंफार पोहता यावं. परत हिशोब केला. मुलांच्या ऑफिसर एंट्रीत १०० मीटरला सव्वासव्वीस सेकंद, माझ्यासाठी साडेबत्तीस. अंतर दीडपट आहे हे मान्य. तरीसुद्धा दहावी पास पोराला गेटवरच २०.६ आणि तेही शंभरातल्या साठ मार्कांसाठी!

याचा अर्थ ऑफिसरची निवड सोपी असते असं मी म्हणत नाही. दुसऱ्या बाजूने आमची चाळणी जबरदस्त बारीक असते. पण ती चाळणी इंग्रजी, आत्मविश्वास, ग्रुप डिस्कशन यांची आहे आणि त्याची तयारी माझी शाळा केजीपासून करून घेत होती. त्या पोराकडे फक्त त्याचे पाय आहेत. आणि पायांची तयारी करायला लागणारी एकमेव वस्तू, मोजलेली सपाट जमीन, ती आपल्या कंपाऊंडच्या आत आहे.

इथपर्यंत हा गैरसोयीचा प्रश्न वाटेल. पण तो तेवढाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात घोडका राजुरी इथे पहाटे रोडवर भरतीचा सराव करणारी मुलं बसखाली आली. तिघं गेली. पोलीस भरतीची तयारी करत होती. आपल्याकडे जानेवारीत सूर्य उगवतो सातच्या आसपास. म्हणजे पाच-साडेपाचला मिट्ट काळोख, त्यात धुकं, त्यात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, ज्यांच्या मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असलाच तर नशीब. बातमी आली तेव्हा आपल्या हॉस्टेलमध्येही दोन दिवस चर्चा झाली. सगळे म्हणाले, "रोडवर पळायचंच कशाला?" मला या प्रश्नाचा राग येतो. मग कुठे पळायचं, हे सांगा ना.

उशिरा पळा म्हणावं तर ऊन. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले होते, त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आलं. २०२४ मध्ये झारखंडमध्ये १० किलोमीटरच्या चाचणीत पुन्हा तेच झालं. अर्धवट तयारी आणि ऊन एकत्र आलं की काय होतं ते एवढं उघड आहे. तयारी पहाटेच व्हायला हवी आणि ती सुरक्षित जागीच व्हायला हवी.

मी हे ऑफिसमध्ये बोलले. उत्तरं तीन मिळाली. एक, बाहेरच्यांना आत घेतलं तर जबाबदारी कुणाची? दोन, ग्राउंड खराब होईल. तीन, शेजारी मुलींचं हॉस्टेल आहे.

दुसऱ्याबद्दल एवढंच म्हणते की गाजरगवताला पळण्याने काही इजा होत नाही. उलट रोज पाय पडले तर ट्रॅक आपोआप तयार होतो, मग फक्की मारायला स्पोर्ट्स वीकची वाट बघायला नको. पहिला मुद्दा खरा आहे, त्याला उत्तर पाहिजे आणि ते अवघड नाही. आधार कार्डाची झेरॉक्स, एक रजिस्टर, पालकांची सही आणि एनसीसीच्या दोघांची रोज पाळी. जवळच्या गावात एक निवृत्त फौजी काका आहेत. गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात. (आपल्याकडे निवृत्त झालेला प्रत्येक फौजी मेजरच असतो, मग तो हवालदार का असेना.) आत्ताही बाईकवर टायमिंग घेतात ते हेच. एक रुपया घेत नाहीत. मी त्यांना विचारलं, काका, आत घेतलं तर पोरांची हमी तुम्ही घ्याल का? ते म्हणाले, "ताई, शिस्त मोडली तर मीच हाकलीन. तुम्ही फक्त गेट उघडून घ्या."

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला जास्त बोलायचंय. मुलींच्या नावाने कुलूप लावायचं असेल तर आधी मुलींना विचारा. आमचं हॉस्टेलचं गेट सहाला उघडतं आणि ग्राउंडचं साडेसातला. मधल्या दीड तासात मी हॉस्टेल ते वर्कशॉप या रस्त्यावर येरझाऱ्या घालते, वॉचमन मामा मोजत बसतात. मला तेरा मिनिटांत २.४ किलोमीटर काढायचेत आणि माझा निम्मा वेळ वळण्यात जातो. आमच्या हॉस्टेलच्या अजून पाच जणी पळायला तयार आहेत. बाहेरच्या पोरांतसुद्धा दोन मुली आहेत, पोलीस भरतीच्या ८०० मीटरची तयारी करणाऱ्या. एकीचा भाऊ रोज सोबत येतो, तो नसेल त्या दिवशी तिची सुट्टी. त्यांना अंधाऱ्या रोडपेक्षा दिवा असलेलं, वॉचमन असलेलं ग्राउंड नको असेल का? आमच्या सुरक्षेची काळजी असेल तर लाईट लावा. कुलपाने आम्ही सुरक्षित होत नाही, फक्त आत बसतो.

काही मित्र वेगळाच मुद्दा काढतात. "अग्निवीर होऊन चार वर्षांनी परतच यायचंय, शंभरातले पंचवीसच कायम. कशाला एवढा आटापिटा?" योजना २०२२ मध्ये आली तेव्हापासून हा वाद आहे आणि मला स्वतःला ती फारशी पटत नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पावणेबारा लाखांच्या आसपास सेवा निधी घेऊन घरी आलेल्या मुलाने पुढे काय करायचं, याचं उत्तर मला कुणी नीट दिलेलं नाही. पण हे त्या पोरांना कळत नाही असं समजू नका. मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, "दादा-वहिनी पुण्याला कंपनीत बारा तास करतात, महिन्याच्या शेवटी हातात काय राहतं ते आम्हाला माहितीय." योजना चांगली की वाईट हे आपण कँटीनमध्ये ठरवू. तोवर त्याने ट्रॉलीच्या मागून पळावं, हे त्या वादात कुठेच बसत नाही.

आणि एक. २०२३ पासून आर्मीत ऑनलाईन परीक्षा आधी आणि मैदान नंतर झालं. पूर्वी पोरं आधी पळायची, मग पेपर. आता पहिला अडथळा कॉम्प्युटरचा. ज्याने आयुष्यात माऊस धरला नाही तो पन्नास प्रश्नांत निम्मा वेळ क्लिक करण्यातच घालवतो. आपल्या लॅब्ज रविवारी बंद असतात. हे वेगळं प्रकरण आहे, पुढच्या अंकात कुणीतरी लिहा.

१७ सप्टेंबरला आपण याच ग्राउंडवर उभं राहून मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. १९४८ मध्ये सोलापूरकडून आलेलं भारतीय लष्कर आपल्याच जिल्ह्यातल्या नळदुर्गवरून पुढे गेलं, हे भाषणात दरवर्षी येतं. टाळ्या होतात, बुंदी वाटली जाते आणि गेट बंद होतं.

मागणी साधी आहे. पहाटे पाच ते सव्वासात, रविवार सोडून, सहा महिन्यांसाठी करून बघा. दोन फोकस लाईट, एक रजिस्टर, आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट पळणाऱ्यांसाठी पाचला. काही गडबड झाली तर बंद करा, आम्ही तक्रार करणार नाही. अर्ज मेसच्या बोर्डशेजारी लावला आहे. आत्तापर्यंत ११४ सह्या झाल्यात, त्यातल्या तीन स्टाफच्या. सगळ्यात पहिली सही पी.टी. सरांची आहे. ग्राउंडची एक किल्ली त्यांच्याकडेच असते.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स