नाचायचंय, एवढंच!

२०१७ साली ‘देस्पासितो’ नावाचं स्पॅनिश गाणं जगभर वाजलं. शब्द कळत नसले तरी आपल्याकडच्या पोरासोरांनीही ते गुणगुणलं. त्यातला कमरेला हलायला लावणारा ठेका रेगेटॉनचा. हे संगीत वाढलं प्युर्टो रिको या कॅरिबियन बेटावर. गाणारे पुरुष, वाजवणारे पुरुष. बाई होती, पण बहुतेक वेळा गाण्याचा विषय म्हणून!

या पुरुषी गोतावळ्यात मार्था इवेलिस पेसान्ते नावाची मुलगी शिरली. सान हुआनमध्ये डीजे नेग्रोच्या ‘द नॉईज’ या गटात ती १९९५च्या सुमारास आली, तेव्हा आजूबाजूला सगळे पुरुषच. त्याच वर्षी पोलिसांनी दुकानांवर छापे घालून या संगीताच्या कॅसेट अश्लील म्हणून जप्त केल्या होत्या. तिच्या पहिल्या गाण्याचं नावच मुळी ‘आम्ही रॅपर आहोत, गुन्हेगार नव्हे’ अशा अर्थाचं. पुढे हाणामारी आणि अंगप्रदर्शनाच्या त्याच त्या विषयांना कंटाळून तिने स्वतंत्र वाट धरली. १९९७मध्ये पहिला अल्बम आला आणि मार्थाची ‘आयव्ही क्वीन’ झाली. आवाज भरदार, खर्जातला. नाजूक, लाडिक गाण्याच्या फंदात ती पडलीच नाही. नखं मात्र हौसेने लांबलचक वाढवलेली!

तिचं ‘किएरो बाईलार’ हे गाणं २००३च्या ‘दिवा’ या अल्बममधलं. नावाचा अर्थ ‘मला नाचायचंय’. रेगेटॉनवरचा नाच अगदी अंगाला अंग लावून केलेला. गाण्याचं म्हणणं एवढंच, की मी तुझ्यासोबत नाचले, घामाघूम झाले, म्हणून तुझ्यासोबत घरी येईन असं धरून चालू नकोस.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अशा नाचाविरुद्ध तेव्हा प्युर्टो रिकोत राजकारणीही बोलत होते. ‘नाचूच नका’ म्हणणं सोपं असतं. त्यात बाईचं रक्षण होतं म्हणे, पण आनंद जातो त्याचं काय? आयव्हीने आनंद सोडला नाही आणि नकाराचा हक्कही सोडला नाही. दोन्ही एकाच गाण्यात!

म्हणून सगळं आलबेल झालं का? कुठलं! २०२०मध्ये बॅड बनीचं ‘यो पेरेओ सोला’ गाजलं. बाई एकटीने, स्वतःसाठी नाचते असं सांगणारं गाणं. त्यातली ठसठशीत ओळ म्हणणारा आवाज नेसी या तरुण गायिकेचा, पण गाणं आलं तेव्हा सहगायिका म्हणून तिचं नाव नव्हतं. नंतरच्या नव्या आवृत्तीत ते आलं आणि शेजारी आयव्ही क्वीनचंही. २०२३मध्ये कोलंबियाच्या कारोल जीचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. बाईच्या संपूर्ण स्पॅनिश अल्बमच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं.

मैत्रिणींनो, पहिलीने दार उघडलं की मागच्यांना ते सताड उघडं मिळतं, असं नसतं. प्रत्येकीला थोडं ढकलावंच लागतं. लेकी हळदीला, वरातीला नाचायला निघाल्या की ‘जपून गं’ म्हणतोच आपण. कधी तरी मुलांनाही बसवून सांगू या, की ती नाचतेय ती तिच्या आनंदासाठी. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.