ताप उतरला, डोके दुखतेच आहे

इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात रोवणी ऐन भरात आली की तापाच्या रुग्णांची रांगही लांबते. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी एकत्र दिसले की आपण डॉक्टर चिठ्ठीवर ‘सेरेब्रल मलेरिया’ किंवा ‘मेंदूज्वर’ लिहून मोकळे होतो. गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात मलेरियाचा विचार आधी व्हायलाच हवा. पण मेंदूतल्या गुठळीची शक्यता त्या चिठ्ठीवर सहसा नसतेच.

हा प्रश्न जुना आहे. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वरासारखा आजार झाला, १८३ दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने चांदीपुरा विषाणूकडे बोट दाखवले. हा विषाणू १९६५ मध्ये आपल्या नागपुरातच सापडला होता. काही डॉक्टरांचे मत वेगळे होते: हा मेंदूज्वर नसून मेंदूच्या रोहिणीतला अडथळा आहे. ते सर्वमान्य झाले नाही. तरी तापातल्या मुलाचे एक अंग लुळे पडले तर रक्तवाहिन्या तपासाव्यात, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. पुढे कोविडने विषाणू रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवून गुठळ्या करतो, हे साऱ्या जगाला दाखवले. कांजिण्यांनंतर तर काही महिन्यांनीही मुलाला लकवा होऊ शकतो. तेव्हा कांजिण्यांची आठवण कोणी काढत नाही.

मेंदूच्या शिरांमधली गुठळी अधिक फसवी. तापाने शरीरातले पाणी आटलेले, त्यात रक्तक्षय, सिकलसेल किंवा नुकतेच बाळंतपण. आपल्या भागात हे सारे एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकते. ताप उतरतो, डोकेदुखी मात्र रोज वाढते. अशा वेळी ऑफ्थॅल्मोस्कोप काढून डोळ्याचा पडदा पाहायला दोन मिनिटे लागतात. (तो बहुतेक ठिकाणी कपाटात असतो, सेल संपलेले.) साधा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणजे शिरांतली गुठळी नाही, असे होत नाही, त्यासाठी सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी लागते. शिरेतल्या गुठळीमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला तरी हेपॅरिन सहसा टाळत नाहीत, हे अनेकांना अजून पटत नाही. डेंग्यूत प्लेटलेट फार घटल्या असतील, तर तो निर्णय मात्र तज्ज्ञांवर सोडावा.

गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला रुग्ण पाठवताना ताप कधी सुरू झाला, बाळंतपण कधी झाले, सिकलसेलचा अहवाल काय, हे लिहाच. आणि खाली एक ओळ जोडा: ‘व्हेनोग्राफी करावी.’