जनावरांची जीवनसत्त्वे : आधी बाटली की आधी हिरवा चारा?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात पाहतो, मग अंगावरची चकाकी. आम्ही कापडवाले मात्र चकाकीवर भुलत नाही. खळ दिलेल्या कापडाचा दिमाख पहिल्या धुण्यात उतरतो, हे आम्हाला ठाऊक असते. जनावरांच्या टॉनिकच्या बाबतीत हाच धडा आपण विसरतो, म्हणून आज कापड सोडून चाऱ्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

पुरुषोत्तमनगर, शहादा या भागात आपले शिंपी, मिस्त्री, बांगडीवाले अशा अनेकांच्या दारात दोन-चार शेळ्या असतात. ईदसाठी वाढवलेला बोकड म्हणजे गरिबाची बचत. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या घरची दोन करडे संध्याकाळ झाली की भांड्यांवर, खांबांवर आदळू लागली. डोळ्यांतून पाणी येई. एका दुकानदाराने ताकदीची बाटली दिली, मग लिव्हर टॉनिक दिले. पैसे गेले, फरक शून्य. शेवटी पशुवैद्यकाने एकच प्रश्न विचारला, "हिरवे काय घालता?" होळीपासून कोरडा कडबा, दाणे आणि शिळी भाकरी, एवढेच चालले होते. रोग होता 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, म्हणजे रातांधळेपणा. त्याची मात्रा आणि हिरवा पाला सुरू झाला, तशी करडे सावरली. उशीर झाला असता तर डोळे गेले असते, आणि आंधळा बोकड कुर्बानीला चालत नाही. वर्षाची मेहनत पाण्यात गेली असती.

इथे मूळ हिशेब समजून घेतला पाहिजे. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटातील सूक्ष्म जंतू 'ब' गटातील जीवनसत्त्वे आणि 'के' स्वतःच तयार करतात. 'क' त्यांच्या यकृतात बनते. 'ड' अंगावर ऊन पडल्याने मिळते. राहिले मुख्यतः 'अ' आणि 'ई'. ही दोन्ही हिरव्या चाऱ्यात भरपूर असतात, पण उन्हात वाळून महिनोन् महिने पडलेल्या कडब्यात फारशी उरत नाहीत. म्हणजे जे पोटात फुकट बनते त्याची बाटली आपण विकत आणतो आणि जे कमी पडते ते देत नाही. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

नवजात पिलाची गोष्ट निराळी. त्याच्या यकृतात 'अ'चा साठा अगदी थोडा असतो. तो भरून काढतो आईचा चीक. चीक विकून किंवा खरवस करून पिलाला वंचित ठेवणारा स्वतःच्याच भांडवलावर कुऱ्हाड मारतो.

ऊस हंगामात तोडणीवाल्यांच्या बैलांना वाढे भरपूर मिळते. ते हिरवे खरे, पण त्यातील ऑक्झॅलेट चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला देतात. चुनाच कमी पडला तर 'ड' जीवनसत्त्वाने हाडे कशी बळकट होणार?

कोंबडीचा हिशेब अगदी उलटा आहे. आपल्याच जिल्ह्यातील नवापूरच्या शेडमध्ये पक्ष्यांना ना ऊन, ना पाला. मका-सोयाबीनच्या खाद्यात जीवनसत्त्वांचे मिश्रण घालावेच लागते. 'ब-२' कमी पडले तर पिलांची बोटे आत वळतात. 'ड-३' कमी पडले तर अंड्याचे कवच पातळ होते. जीवनसत्त्वाच्या शोधाची वाटही कोंबड्यांपासूनच निघाली. जावा बेटावर सडलेल्या तांदळावर वाढणाऱ्या कोंबड्यांना लुळेपणा येतो, हे पाहणाऱ्या डॉ. आइकमान यांना 1929 साली नोबेल मिळाले. पण जीवनसत्त्व म्हणजे रोगावरची ढाल नव्हे. 2006 साली नवापुरात देशातील पहिला बर्ड फ्लू आला, 2021 साली पुन्हा आला. लाखो पक्षी मारावे लागले. तिथे कामाची होती ती स्वच्छता आणि येण्याजाण्यावरचा बंदोबस्त.

आणखी एक सावधगिरी. 'अ' आणि 'ड' शरीरात साठून राहतात. जास्त दिली तर अपायच होतो. उन्हात ठेवलेल्या जुन्या मालातील जीवनसत्त्व कमी होत जाते. म्हणून घेताना तयार केल्याची व मुदतीची तारीख वाचा आणि पावती मागा.

आपल्यातील जे बांधव पशुखाद्य विकतात त्यांना माझी विनंती : बाटली देण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, "हिरवे काय घालता?" एक विक्री बुडेल, पण गिऱ्हाईक बांधले जाईल. आणि पाळणाऱ्यांनी घरामागे शेवगा, हादगा लावावा, जमीन असेल तर लसूणघासाचा एक वाफा करावा. बरकत तिथूनच सुरू होते.