उन्हाळी परसबागेतील गोड मका : आधी पाण्याचा हिशेब, मग बियाणे

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात उन्हाळ्याच्या दिवसांत घरामागील परसात गोड मका लावण्याची हौस पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. मुलाबाळांना कोवळी कणसे मिळावीत व मागे राहिलेला हिरवा कडबा गुरांच्या मुखी पडावा, हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु वैशाखाच्या उन्हात कणीस सोलून पाहावे तो टोकाकडे निम्मे कणीस बोडके, असा अनुभव अनेकांना येतो. मग दोष बियाण्याला दिला जातो. वस्तुतः बियाणे बहुधा निर्दोष असते. चुकलेला असतो तो पेरणीचा दिवस आणि पाण्याचा हिशेब.

हा हिशेब प्रथम मांडणे अगत्याचे आहे. ओळींत 60 सेंटीमीटर व दोन झाडांत 20 सेंटीमीटर अंतर ठेवून तीन मीटर लांबीच्या चार ओळी लावल्यास सुमारे सात चौरस मीटरांच्या वाफ्यात साठ झाडे बसतात. कडक उन्हाळ्यात भर वाढीच्या मक्यास दिवसाकाठी सुमारे सात मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे या लहानशा वाफ्यास रोज 50 लिटर, अर्थात साधारण चार घागरी. पेरणीपासून काढणीपर्यंतची बेरीज 3,000 लिटरांच्या घरात जाते. झाडामागे एक चांगले कणीस धरले, तर एका कणसास 50 लिटर पाणी पडले. बोडके कणीसही तेवढेच पाणी पिते, ही गोष्ट विसरता कामा नये. जेथे हे पाणी विहिरीवरून घरच्या स्त्रिया डोक्यावर आणतात, तेथे बोडके कणीस म्हणजे त्यांचे वाया गेलेले श्रम होत.

कणीस बोडके का राहते, हे समजून घेतले म्हणजे उपायही आपोआप कळतो. मक्याचा नरफुलोरा शेंड्यावर तुऱ्याच्या रूपाने येतो, तर मादीफुलोरा खाली पानाच्या बेचक्यात असतो. कणसातून बाहेर पडणारा प्रत्येक रेशमी केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. त्या केसावर तुऱ्यातील पराग पडला तरच तो दाणा भरतो. झाडास तहान लागली म्हणजे तुरा वेळेवर येतो, पण केस बाहेर पडण्यास विलंब लागतो. ते बाहेर येईतो पराग गळून संपत आलेला असतो. त्यातच हवा कोरडी असून उष्णतामान 38 ते 40 अंशांवर गेले, तर पराग लवकर निर्जीव होतो व केसही वाळतात. पाण्याची उणीव पाण्याने भरून निघेल; उष्ण वाऱ्याने निर्जीव झालेला पराग मात्र कितीही पाणी दिले तरी सजीव होत नाही.

यास्तव पेरणीचा दिवस फुलोऱ्यावरून मागे मोजून ठरविला पाहिजे. मकरसंक्रांतीनंतर जानेवारीच्या उत्तरार्धात बी टोकल्यास साधारण पन्नास ते पंचावन्न दिवसांनी, म्हणजे मार्चच्या मध्यास तुरे येतात व एप्रिलच्या आरंभी कणसे खाण्यास तयार होतात. होळी उलटल्यावर टोकलेल्या मक्याचा फुलोरा नेमका एप्रिलअखेर व मे महिन्याच्या झळांत सापडतो. आंबे उतरू लागले की मका लावावा, अशी समजूत जेथे असेल, तेथे ती सोडून देणे हिताचे आहे.

दुसरी चूक मांडणीची. कुंपणाच्या कडेने मक्याची एकच लांब ओळ लावली, तर बहुतेक पराग वाऱ्यासरशी बाजूस उडून जातो. तीच झाडे चार आखूड ओळींच्या चौकोनी वाफ्यात लावली, तर कोणत्याही दिशेच्या वाऱ्याने पराग शेजारच्या झाडावर पडतो. झाडे थोडी असल्याने सकाळी ऊन तापण्यापूर्वी तुरा कागदावर हलकेच झटकून तो पराग कणसांच्या केसांवर पसरणेही सहज शक्य आहे. एकरभर पिकात न परवडणारे हे काम परसात पाच मिनिटांचे आहे. शेजारच्या रानात धान्याचा अथवा ‘आफ्रिकन टॉल’सारखा चाऱ्याचा मका असल्यास दोहोंचे तुरे एकाच वेळी येणार नाहीत, अशी काळजी घ्यावी, कारण परक्या परागाने गोड मक्याचे दाणे पिठूळ होतात.

‘माधुरी’, ‘प्रिया’ यांसारख्या गोड वाणांचे बी सुरकुतलेले असते व त्यात पिष्टाचा साठा कमी असतो. म्हणून वाफा आधी भिजवून, वाफसा आल्यावर बी अडीच-तीन सेंटीमीटरांहून खोल न टोकता लावावे. रोज लोटाभर पाणी शिंपडण्याची पद्धत मोडली पाहिजे. त्याने वरची माती ओली दिसते, मुळांना काहीच पोहोचत नाही व बरेचसे पाणी उन्हात उडून जाते. हलक्या जमिनीत चार-पाच दिवसांनी व भारी जमिनीत आठवड्याने, पण मुळांपर्यंत ओल जाईल असे भरपूर पाणी सायंकाळी अथवा पहाटे द्यावे. तुरा दिसू लागल्यापासून दाणे दुधाळ होईपर्यंतच्या तीन आठवड्यांत हे अंतर कमी करावे. या एकवीस दिवसांसाठी हजार-अकराशे लिटर पाणी हाताशी असेल, तरच या पिकाच्या वाटेस जावे. ओळींमध्ये उसाच्या पाचटाचा किंवा वाळल्या गवताचा वीतभर थर दिल्यास ओल पुष्कळ टिकते. दुपारी पाने गुंडाळलेली दिसताच घाबरून पाणी सोडण्याचे कारण नाही. सकाळीही ती तशीच राहिली, तर झाड खरोखर तहानलेले आहे असे समजावे.

या पिकाचा आणखी एक शत्रू म्हणजे 2018 साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी. साठ झाडांच्या वाफ्यात तिच्यासाठी औषधाचा पंप उचलण्याची गरज सहसा पडू नये. एक दिवसाआड पोंगे पाहून अंडीपुंज व अळ्या वेचून नष्ट कराव्यात. घरच्या खाण्यासाठी लावलेल्या पिकात हाच मार्ग उत्तम होय.

यावर कोणी म्हणेल, इतका हिशेब करावयाचा तर परसात मका लावूच नये काय? ज्या घरी न्हाणीचे व भांडी धुतल्याचे पाणी एरवी गटारात जाते, त्या घरी तो अवश्य लावावा. मात्र सोड्याचे व साबणाचे दाट पाणी वेगळे काढावे. जेथे विहीर चैत्रापर्यंत तग धरते, तेथेही लावावा. परंतु जेथे फेब्रुवारीतच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे मक्याचा आग्रह धरणे योग्य नव्हे. तेथे गवार वा चवळी ही पिके कमी पाण्यात अधिक भरवशाची ठरतात. एखादे पीक न लावण्याचा सल्ला हाही शेतीचा सल्लाच आहे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी याच दृष्टीने आपल्या कामाकडे पाहावे. बियाण्याच्या किती पुड्या वाटल्या यापेक्षा किती कणसे टोकापर्यंत भरली, हे मोजणे अधिक महत्त्वाचे. पुडी हाती देण्यापूर्वी पाणी कोठून येणार, ते कोण आणणार व मार्चच्या मध्यास ते किती उरणार, हे तीन प्रश्न घरच्या कर्त्या पुरुषाबरोबर पाणी भरणाऱ्या गृहिणीलाही विचारावेत. तिचे उत्तर बहुधा अधिक अचूक असते. उत्तरे समाधानकारक असतील, तर संक्रांतीनंतर बी टोकावे; नसतील, तर पुडी कोरड्या जागी जपून ठेवावी व मृगाचा पाऊस झाल्यावर लावावी.