उन्हाळा ब्रिटनमध्ये? आधी तारखा बघा!

आठवडाभर जॉब, वीकेंडला बाथ नाहीतर एडिनबरा! प्लॅन भारी आहे, पण व्हिसाचं गणित वेगळं आहे. व्हिजिटर व्हिसावर तिथे नोकरी करताच येत नाही. स्टुडंट व्हिसावर पदवी शिकणाऱ्यांना टर्ममध्ये आठवड्याला २० तास आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. मात्र एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा बहुतेकदा डेझर्टेशनमध्ये जातो आणि तो सुट्टी धरला जात नाही. म्हणजे तेव्हाही २० तासच! मर्यादा मोडली तर व्हिसाच धोक्यात येतो. फिरणं त्यामानाने सोपं. १६-२५ रेलकार्डावर बहुतेक तिकिटं एक तृतीयांशाने स्वस्त, ब्रिटिश म्युझियम तर फुकट. तेव्हा मित्रांनो, आधी युनिव्हर्सिटीकडून टर्मच्या तारखा लेखी घ्या, मगच शिफ्ट ठरवा!